‘इन्फर्नल’ म्हणजे नरकातला, पण मूळ शब्दात आगच नव्हती! जाणून घ्या अर्थ आणि इतिहास

शेजारच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून ड्रिल मशीन सुरू असेल, तर वैतागलेला इंग्रज त्याला ‘इन्फर्नल नॉइज’ म्हणतो. शब्दकोश उघडला, तर ‘इन्फर्नल’चा अर्थ मिळतो नरकातला, नारकीय. ड्रिलच्या आवाजासाठी थेट नरक कशाला? उत्तर या शब्दाच्या प्रवासात आहे.

मूळ अर्थ फक्त ‘खालचा’

हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘इन्फेरुस’ म्हणजे खालचा. रोमन समजुतीनुसार मृतांचं जग जमिनीखाली होतं, म्हणून ‘इन्फेर्नुस’ म्हणजे त्या खालच्या जगातला. पुढे ख्रिस्ती लेखकांनी हाच शब्द नरकासाठी वापरला आणि त्याला आगीची, शिक्षेची छटा चिकटली.

‘इन्फ्रारेड’ही याच कुळातला

‘इन्फिरिअर’ म्हणजे खालच्या दर्जाचा. ‘इन्फ्रारेड’ किरणांची वारंवारता लाल रंगाच्या खाली असते. ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ म्हणजे खालचा, पायाभूत सांगाडा. तिन्हींचं मूळ एकच. आपण ओठाला ‘अधर’ म्हणतो, त्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही ‘खालचा’. भाषाशास्त्रानुसार ‘अधर’, लॅटिन ‘इन्फेरुस’ आणि इंग्रजी ‘अंडर’ ही एकाच मुळाची रूपं आहेत.

दांतेच्या नरकाच्या तळाशी बर्फ

इटालियन कवी दांते (मृत्यू 1321) याच्या महाकाव्यातल्या नरकाच्या भागाचं नाव ‘इन्फेर्नो’. त्यात नरकाची नऊ वर्तुळं आहेत. काही ठिकाणी आग आहे, पण अगदी तळाशी सैतान बर्फात रुतलेला आहे. तरीही आज इंग्रजी बातम्यांत ‘इन्फर्नो’ म्हटलं की भीषण आगच समजली जाते.

पॅरिसमधला स्फोट

24 डिसेंबर 1800 रोजी पॅरिसमध्ये ऑपेराला निघालेल्या नेपोलियनला मारण्यासाठी घोडागाडीवर दारूगोळा ठेवून स्फोट घडवला गेला. नेपोलियन वाचला, रस्त्यावरची माणसं मेली. त्या बॉम्बला ‘मशीन इन्फर्नाल’, म्हणजे नारकीय यंत्र, म्हटलं गेलं. इंग्रजीतही ‘इन्फर्नल मशीन’ हा शब्दप्रयोग लपवलेल्या बॉम्बसाठी रूढ झाला.

मग कधी, कसा वापरायचा?

आज हा शब्द दोन टोकांना वापरला जातो. युद्धाचं, छळाचं वर्णन असेल तर अर्थ ‘नारकीय’. सतत वाजणारा फोन, बिघडलेला प्रिंटर यांच्याबद्दल असेल, तर तो निव्वळ वैताग. तिथे ‘नारकीय प्रिंटर’ असं भाषांतर केलं, तर वाचणारा हसेल. त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: ‘मेला तो प्रिंटर!’

ही चिडून काढलेली सौम्य शिवी आहे, हे मात्र विसरू नका. मित्राशी बोलताना चालेल. ऑफिसच्या ईमेलमध्ये टाळलेलीच बरी.