जखमेवरची जेल-पट्टी : धंदा आहे, पण जबाबदारी मोठी

बेकरीची भट्टी असो, वेल्डिंगचे दुकान असो की यंत्रमागाचा कारखाना, हात भाजणे आणि बोट कापणे हे आपल्या कारागीर बांधवांच्या रोजच्या कामातच आले. दवाखान्यात जाऊन गॉज बांधून घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचे. पण दोन दिवसांनी तो गॉज सोडवताना काय कळ येते, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. वाळलेला गॉज जखमेला चिकटतो आणि ओढून काढताना खाली आलेली कोवळी कातडीही सोबत घेऊन येतो. भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडते. मधुमेही माणसाच्या पायाची जखम तर महिनोन् महिने भरत नाही.

या दुखण्यावर जेलची पट्टी, म्हणजेच हायड्रोजेल ड्रेसिंग, आता दवाखान्यांत वापरली जाते. सर्जिकल मालाचा व्यापार करणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की ही पट्टी आपणच का बनवू नये? त्याचे उत्तर देण्याआधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

जखम कोरडी की ओली?

जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. 1962 साली इंग्लंडमधील जॉर्ज विंटर या संशोधकाने जनावरांवर प्रयोग करून ही समजूत खोटी ठरवली. पातळ पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधे आहे. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते, ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात.

त्याच सुमारास, 1960 साली, चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा शोध जगापुढे मांडला. डोळ्यांतील मऊ काँटॅक्ट लेन्स त्यातूनच निघाली. जखमेची जेल-पट्टी त्याच जातीची.

पट्टी बनते कशी?

या पट्टीचा बहुतेक भाग नुसते पाणी असतो. ते धरून ठेवते पॉलिव्हिनाईल अल्कोहोल किंवा तशाच पदार्थाचे जाळे. पांढरी पूड गरम पाण्यात विरघळवतात, त्यात समुद्री शेवाळापासून मिळणारा अगार घालतात आणि मिश्रण ट्रेमध्ये ओततात. थंड झाल्यावर खरवसाच्या वडीसारखा थर बसतो. तो पाकिटात सीलबंद करून कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांखाली किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताखाली ठेवतात. साधारण 25 किलोग्रे मात्रेत जाळे घट्ट विणले जाते आणि पाकिटातले जंतूही मरतात. एकाच खर्चात दोन कामे होतात. पोलंडमधील लॉड्झ येथील यानुश रोशियाक यांनी ही रीत उद्योगापर्यंत नेली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी पट्टी तयार करून तिचे तंत्र खासगी कारखानदारांना दिले आहे.

पट्टी थंडावा देते, चिकटत नाही आणि पारदर्शक असल्याने न सोडता जखम दिसते. पण ती प्रत्येक जखमेवर चालत नाही. फार पाणी वा पू वाहणाऱ्या जखमेवर ती भिजून आजूबाजूची कातडी कुजवते. शिवाय वरून धरायला गॉज लागतोच. म्हणजे गॉजचा धंदा बुडाला, असे समजू नये.

‘जंतुनाशक’ हा शब्द

नुसत्या जेलमध्ये जंतू मारण्याची ताकद नसते. त्यासाठी चांदीचे अतिसूक्ष्म कण किंवा कायटोसॅन मिसळतात. चांदीचे आयन जंतूचे आवरण आणि आतील कामकाज बिघडवतात. पण मात्रा वाढली तर तीच चांदी आपल्या नव्या पेशींनाही मारते. भाजलेल्या जखमेवर 1968 पासून वापरात आलेल्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाबाबत हाच अनुभव आहे. नव्या प्रकारच्या पट्ट्यांशी तुलना केली तेव्हा मलमाच्या जखमा उशिरा भरल्या.

म्हणून स्वच्छ जखमेला साधी जेल-पट्टी पुरते, चांदीची पट्टी जंतू झालेल्या जखमेसाठी. हा फरक न सांगता ‘जंतुनाशक’ म्हणून सरसकट महाग माल विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या दुखण्यावर कमाई करणे होय.

कच्चा माल कोठला?

कायटोसॅन कोळंबीच्या कवचापासून बनते. आम्लाने चुना काढायचा, अल्कलीने प्रथिने काढायची आणि मग तीव्र गरम अल्कलीत शिजवायचे. कोकण किनाऱ्यावर कोळंबी सोलणाऱ्यांकडे हे कवच निघते. ते ताजे आणि वेगळे साठवून पुरवणे हा लहान माणसाला जमणारा धंदा आहे. जखमेत वापरण्याच्या दर्जाचे शुद्धीकरण मात्र प्रयोगशाळेचे काम आहे.

काही पट्ट्यांत जिलेटिन किंवा कोलॅजेन असते. ते गुरांचे, डुकराचे किंवा माशांचे असू शकते. हलाल-हरामाचा प्रश्न येथे येतो, म्हणून माल उचलताना पुरवठादाराकडून जनावराचे नाव लेखी घ्यावे. पॉलिव्हिनाईल अल्कोहोल हे केवळ नाव, त्याचा दारूशी संबंध नाही.

कायदा काय सांगतो?

वैद्यकीय उपकरण नियम 2017 नुसार जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, सी आणि डी चा केंद्र सरकार. पट्टीत औषधी द्रव्य मिसळले की नियम अधिक कडक होतात. दर्जाव्यवस्थेसाठी आयएसओ 13485, शरीराला अपाय होत नाही हे दाखवण्यासाठी आयएसओ 10993 आणि किरणांनी निर्जंतुक करण्यासाठी आयएसओ 11137 ही मानके आहेत. ज्यांच्याकडे औषधविक्रीचा परवाना नाही, त्यांना नुसत्या विक्रीसाठीही नोंदणी करावी लागते.

किरणांचे यंत्र स्वतः घ्यावे लागत नाही. ट्रॉम्बेचे आयसोमेड 1974 साली अशाच सेवेसाठी सुरू झाले, खासगी केंद्रेही आहेत. खरा खर्च स्वच्छ खोली, शुद्ध पाणी, चाचण्या आणि जाणकार माणसे यांचा.

गाळ्यात ट्रे मांडून पट्ट्या ओतणे कठीण नाही, आणि धोका त्यातच आहे. न तपासलेली एक पट्टी मधुमेही माणसाचा पाय घेऊ शकते. भांडवल कमी असेल त्याने आधी परवानाधारक कारखान्याचा माल विकावा, डॉक्टर आणि परिचारिकांची गरज समजून घ्यावी. चार-पाच जणांनी भागीदारीत उतरायचे ठरवले तर पहिला पगार फार्मसी किंवा रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्याच मुला-मुलीला द्यावा.

आणि कारखान्यात कोणी भाजलाच, तर पट्टी शोधण्याआधी जखम वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. बर्फ, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. भाजणे मोठे असेल तर थेट दवाखाना गाठावा.