सामायिक दप्तराची वहिवाट

मराठीत ‘दप्तर’ या एका शब्दाला दोन संसार करावे लागतात. शाळकरी पोर पाठीवर टाकून धावत सुटते ते दप्तर. आणि पुण्यास कापडी रुमालांत बांधून ठेवलेल्या ज्या कागदपत्रांतून रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत निवडक वेच्यांचे ४५ खंड सिद्ध केले, तेही पेशवे दप्तरच. पहिले माणसाबरोबर हिंडते. दुसरे जागचे हलत नाही, माणसालाच त्याच्याकडे जावे लागते आणि दारात आपली ओळख पटवावी लागते. विद्यापीठांतून ‘नेटवर्क ड्राइव्ह’ या नावाने जी सोय असते, ती या दुसऱ्या जातीची. पण ती आपल्या संगणकाला एकदा जोडली, की पाहणाराला ती पहिल्या जातीची, म्हणजे स्वतःच्याच पाठीवरची, वाटू लागते. तिची सारी खुबी आणि सारा घोटाळा या भासात आहे.

माझा भाचा मुलुंडला राहतो आणि उपनगरातल्याच एका संस्थेत संशोधन करतो. वर्षभर त्याचा प्रबंध पेनड्राइव्हवर बसून ये-जा करीत होता. घाटकोपरच्या पुलावरील रेटारेटीत खिसा चाचपून ते बोटाएवढे कोठार शाबूत असल्याची खात्री करणे, हा त्याचा नित्यनेमच झाला होता. कालांतराने घरच्या आणि प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ‘प्रकरण ३ अंतिम’, ‘प्रकरण ३ अंतिम नवे’ आणि ‘प्रकरण ३ खरेच अंतिम’ अशी तीन भावंडे नांदू लागली. मार्गदर्शक बाईंनी दोन रात्री खर्चून जी प्रत तपासली ती यांतली सर्वांत जुनी निघाली, तेव्हा कुठे स्वारीला संस्थेच्या सामायिक कोठाराची आठवण झाली.

या कोठाराची रचना मुळात साधी आहे. संस्थेच्या एका वातानुकूलित खोलीत अनेक तबकड्यांचा एक मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, अहोरात्र चालू असतो. त्याच्यावरील एखादा कप्पा आपल्या संगणकावर ‘सी’ ड्राइव्हच्या शेजारी ‘झेड’ अशा एखाद्या अक्षराने दाखवायचा, एवढेच काय ते ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ या आज्ञेचे कार्य. अक्षर निवडायचे, दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन सर्व्हरचे नाव, पुन्हा एक रेघ आणि कप्प्याचे नाव असा पत्ता लिहायचा; मॅकवर हाच पत्ता ‘कनेक्ट टू सर्व्हर’ या चौकटीत ‘एसएमबी’ या अक्षरांनी आरंभ करून द्यायचा. त्यावर सर्व्हर आपल्या यादीत तीन गोष्टींची रुजुवात घालतो : आलेला इसम कोण, त्याची सांकेतिक खूण खरी की खोटी, आणि त्याला कागद नुसता वाचू द्यावयाचा की त्यात फेरफारही करू द्यावयाचा. महसुली भाषेत बोलायचे तर मालकी संस्थेची आणि वहिवाट आपली. दुसऱ्याच्या शेतातून विहिरीवर जाण्याची वाट आपल्याला मिळते, त्या वाटेवर खोपटे बांधण्याचा हक्क मिळत नाही.

भाच्याचा पहिला प्रयत्न मात्र दारातच अडला. खूण बिनचूक, पत्ता बिनचूक, तरी प्रवेश नामंजूर. शोधाअंती असे आढळले, की घरचा संगणक मोठ्या अगत्याने घरचेच नाव पुढे करीत होता, आणि त्या नावाचा कोणी इसम संस्थेच्या दप्तरी दाखल नव्हता. ‘वेगळी ओळख वापरा’ अशा आशयाच्या बारीक चौकोनात खूण करून, संस्थेच्या विभागाचे नाव, रेघ आणि मग स्वतःचे नाव असा पुरा दाखला दिला, तेव्हा पडद्यावर ‘झेड’ उमटला.

या सोयीमागे मोठा इतिहास आहे आणि त्याचे एक प्रकरण आपल्या उपनगरांतच घडले. १९८६ च्या सुमारास आठ संस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याचे काम सुरू झाले. त्यात पवईची आयआयटी होती आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रही होते. या दोहोंमध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून संगणकी पत्रे जाऊ लागली. पुढे १९८९ साली जुहूच्या केंद्रातून अमेरिकेशी जी तार जोडली गेली, तिची गती सेकंदाला ९.६ किलोबिट होती. आजच्या मोबाइलवरील ५ मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या तारेवरून धाडायचे, तर बोरिवलीची धीमी लोकल चर्चगेटला पोचेपर्यंत वाट पाहावी लागली असती. सामायिक कप्पा उघडण्याची ‘एसएमबी’ ही बोली आयबीएममध्ये जन्मली ती याच दशकात. आणि १९९१ साली कॅनबेरा येथील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने, युनिक्स यंत्रावरची जागा आपल्या डॉसच्या संगणकावर दिसावी एवढ्या घरगुती गरजेपोटी, ती बोली बाहेरून ऐकून ऐकून आत्मसात केली. पुढे त्यातून घडलेल्या प्रणालीचे नाव बदलण्याची पाळी आली तेव्हा त्याने एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शब्दसूचीत हुडकले, आणि ‘सांबा’ हे नाव रूढ झाले. म्हणजे जगभरच्या सर्व्हरांवर आज जी प्रणाली चालते, तिचा उगम भाच्यासारख्याच एका विद्यार्थ्याच्या अडचणीत आहे.

संस्थेच्या आवारात ही वहिवाट सहज मिळते; घरून मात्र आधी ‘व्हीपीएन’ची वाट धरावी लागते. व्हीपीएन हे सार्वजनिक रस्त्याखालून काढलेले एक कुलूपबंद भुयार समजावे : त्यातून गेलेल्या संगणकाला संस्था आवारातलाच मानते. हा बंदोबस्त अनाठायी नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने ‘एसएमबी’च्या जुन्या आवृत्तीतील एका छिद्रातून शिरून ब्रिटनच्या रुग्णालयांपर्यंत धुमाकूळ घातला. म्हणून ज्या ४४५ क्रमांकाच्या दारातून हा व्यवहार चालतो, ते दार बाहेरच्या जगासाठी बंद ठेवण्याची शिस्त आहे.

आत शिरल्यावर पाळायचे दोन शिष्टाचार आहेत. ‘झेड’वरून पुसलेला कागद सामान्यतः आपल्या संगणकाच्या रद्दीच्या टोपलीत जात नाही, तो नाहीसाच होतो; सर्व्हरने रात्री प्रत काढून ठेवली असेल, तर तिच्यासाठी कारभाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आणि दुसऱ्याने उघडलेला कागद आपल्याला ‘फक्त वाचण्यापुरता’ मिळाला, तर तिथेच नवी प्रत काढण्याचा मोह आवरावा, नाहीतर ‘खरेच अंतिम’ची ती भावंडे सर्व्हरवरही जन्म घेतील.

भाच्याच्या घरी हल्ली प्रकरण ३ ची एकच प्रत दिसते, आणि ती त्याच्या घरी नाहीच. पदवी हाती पडल्यावर यादीतून त्याचे नाव खोडले जाईल आणि एके सकाळी ‘झेड’वर तांबडी फुली दिसेल, आपले म्हणून जे असेल ते त्याआधी उचलून आणायला त्याला बजावून ठेवले आहे. प्रयोगांच्या नोंदी तेवढ्या तो तिथेच ठेवणार आहे, कारण पुढच्या वर्षी त्याच टेबलापाशी बसणाऱ्या मुलीला बाईंनी त्या कप्प्याची परवानगी आताच देऊन ठेवली आहे.