टन्सिलची किंमत

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे नाव घरोघरी पोहोचते. त्याच्यासमोर भिंतीसारखा उभा राहणारा ‘ऑफेन्सिव्ह लाइनमन’ मात्र उपेक्षितच राहतो. म्हणूनच ह्यूस्टन टेक्सन्सने २०१९ मध्ये लॅरेमी टन्सिल या लाइनमनसाठी मोजलेल्या किमतीने चाहत्यांत दोन तट पडले.

महाविद्यालयीन खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून निवडले जातात. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो आणि हे हक्क संघांना आपसांत देता-घेता येतात. ह्यूस्टनने मायामी डॉल्फिन्सला पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचा एक हक्क देऊन टाकला. व्यवहारात आणखीही देवघेव होती, पण वाद पेटला तो या तीन हक्कांवरून.

समर्थकांचा मुद्दा बिनतोड होता. २०१८ च्या मोसमात क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन ६२ वेळा चेंडूसह जमीनदोस्त झाला होता! हा हिरा जपायचा तर भिंत हवीच. संघाचे भवितव्य गहाण पडले, असे विरोधक म्हणत. २०१९ मध्ये संघ गटात अव्वल आला आणि ते काहीसे गप्प झाले. पुढच्या मोसमात मात्र १६ पैकी चारच सामने जिंकता आले आणि दिलेला हक्क थेट तिसऱ्या क्रमांकाचा ठरला. तो अर्थातच मायामीच्या पदरात पडला. टन्सिल उत्तम खेळत राहिला. चुकला होता तो स्वतःच्या भावी क्रमांकाचा अंदाज. २०२५ मध्ये ह्यूस्टनने त्यालाही वॉशिंग्टनकडे धाडले.