कॅसेटमधला आवाज

२००४ साली रोह्याला भाचीचं लग्न झालं. आम्ही पेणहून गेलो, सोबत कॅमकॉर्डरही नेला. त्या मिनी डीव्ही कॅसेटमध्ये माझी आई बोलते. आई आता नाही. म्हणून कॅसेट संगणकात उतरवायचं ठरवलं आणि कार्डाच्या शोधाला लागलो.

दुकानदाराने पुढे केलं ते व्हिडिओ कॅप्चर कार्ड. मंडळी, फसगत होते ती इथेच! ते व्हीएचएससारख्या जुन्या अ‍ॅनालॉग कॅसेटसाठी. मिनी डीव्हीवर चित्र आणि आवाज आधीच आकड्यांच्या रूपात असतात. ते जसेच्या तसे उचलायला फायरवायर कार्ड हवं. १९९५ साली ठरलेल्या या जोडणीचं कागदोपत्री नाव आयईईई १३९४. कॅमेऱ्याला यूएसबी असली, तरी बऱ्याचदा ती फोटोंपुरतीच.

कार्ड घेण्याआधी संगणकाचं झाकण उघडून पाहावं. जुन्यात पीसीआयची खाच, नव्यात पीसीआय एक्स्प्रेसची. एकाचं कार्ड दुसरीत बसत नाही. लॅपटॉपवाल्यांची तर पंचाईतच. केबलचं कॅमेऱ्याकडचं टोक बहुधा चार पिनांचं, कार्डाकडचं सहा पिनांचं. मात्र कार्डापेक्षा टेप नीट फिरवणारा कॅमेरा मिळणं आता कठीण. तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये.

तासाभराच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि उतरवायलाही पुरता तासच. तो तास मी खुर्चीवरून हललो नाही. आई भाचीला म्हणत होती, “हात पुढं कर गो, बांगड्या दिसू देत.”