उशीला बुक्के मारून राग जातो का?

‘इथं पोर्शन अपुरा राहिलाय आणि यांना भावनांचे खेळ सुचताहेत!’ शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. भावना ओळखण्या-हाताळण्याचे उपक्रम म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, असा समज त्यामागे असतो. संशोधक जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी होते. सहभागी मुलं अभ्यासात इतरांपेक्षा सरासरी ११ पर्सेंटाइल पुढे निघाली. यातली मेख मात्र फारशी सांगितली जात नाही. ही प्रगती शाळेतल्याच शिक्षकांनी उपक्रम घेतले तिथं दिसली, बाहेरच्या संशोधकांनी घेतले तिथं नाही. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून व्याख्यान उरकणाऱ्या शाळांनी याची नोंद घ्यायला हवी.

दुसरी समजूत अधिक चिवट आहे: राग साठला की बाहेर काढू द्यावा. उशीला बुक्के मारा, कागद टराटरा फाडा, मोकळे व्हा! अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हे तपासून पाहिलं. त्यांनी ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना, ज्याच्यावर राग आला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं, तर काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले आणि सर्वांत आक्रमकही ठरले. काहीच न करता बसलेल्यांची आक्रमकता त्यांच्याहून कमी होती.

मग चिडलेल्या मुलानं करायचं काय? ‘पाथ्स’ या शालेय कार्यक्रमात लहान मुलांना कासव व्हायला शिकवतात. थांबायचं, हात अंगाशी आवळून घ्यायचे, खोल श्वास घ्यायचा आणि मग काय बिनसलं, कसं वाटतंय ते शब्दांत सांगायचं. शेवटची पायरी गाळली, तर उरते ती ‘गप्प बैस’चीच गोड आवृत्ती. भावनेला नाव देण्यानं नेमकं काय होतं, याची झलक लॉस एंजेलिसमध्ये संशोधक मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ मधल्या प्रयोगात मिळाली. रागीट किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांवरची भावना शब्दांत सांगताना मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावली. प्रयोग प्रौढांवर झाला होता, हे इथं नमूद करायला हवं.

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू झाला, महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आला. या नावांमुळे मुलांना सतत हसतं ठेवणं हाच हेतू, असं पालकांना वाटू शकतं. येल विद्यापीठातला ‘मूड मीटर’, म्हणजे मुलांनी आपली भावना नोंदवायचा चार रंगी चौकोनांचा तक्ता, वेगळंच सांगतो. त्याच्या चार रंगांपैकी लाल आणि निळा हे दोन अप्रिय भावनांचे आहेत, आणि तेही तितकेच वैध. निळ्या चौकोनात नाव लावणाऱ्या मुलाला ‘चल, हस बघू’ म्हटलं की उद्या ते नाव मुकाट्यानं आनंदाच्या पिवळ्यात जाणार.

ध्यान हा रामबाण उपायही नव्हे. ब्रिटनमधल्या ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘मिरियड’ चाचणीत, २०२२ च्या निष्कर्षांनुसार, माइंडफुलनेसचे, म्हणजे सजगतेच्या ध्यानाचे तास नेहमीच्या तासांहून सरस ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

शिवाय वर्गातला उपक्रम म्हणजे उपचार नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे मिटून राहिलं, जेवण-झोप बिघडली किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलू लागलं, तर पालकांशी लगेच बोलून तज्ज्ञांकडे जायला हवं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास चालू असतो.