लोण्याचा गोळा आणि रेशनचे दिवस

सी. एस. लुईस यांच्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये एडमंड टर्किश डिलाइटच्या हव्यासापोटी सख्ख्या भावंडांशी दगा करतो. चार गोड वड्यांपायी एवढं? पण कादंबरीचं साल पाहा: 1950. ब्रिटनमध्ये तेव्हा गोळ्या-चॉकलेटंही रेशनवर होती. 1949च्या एप्रिलमध्ये सरकारने ती खुली केली, तर लोकांची अशी झुंबड उडाली की ऑगस्टमध्ये पुन्हा रेशन लावावं लागलं. ते कायमचं उठलं 1953मध्ये. त्या वाचकांना एडमंडचा मोह वेगळा समजावून सांगायला नको होता.

मला मात्र त्याच पुस्तकातलं बीव्हर नवरा-बायकोच्या घरचं जेवण अधिक आवडतं. नुकतेच पकडलेले मासे तळले जातायत, बटाटे शिजतायत आणि टेबलावर मधोमध पिवळ्याधमक लोण्याचा मोठा गोळा. ज्याला हवं तेवढं त्याने घ्यावं! प्रत्यक्षात तेव्हा घरोघरी लोणी आठवड्याच्या मापाने मिळत होतं. बोलणाऱ्या बीव्हरपेक्षा तो गोळाच मुलांना अद्भुत वाटला असेल.

याच टंचाईत लिव्हरपूलला वाढलेले ब्रायन जेक्स पुढे दूध पोचवायला अंध मुलांच्या शाळेत जात आणि तिथल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवत. त्यांच्यासाठीच त्यांनी ‘रेडवॉल’ लिहिली. ती 1986मध्ये प्रसिद्ध झाली. ऐकणाऱ्यांना चित्र दिसणार नव्हतं, म्हणून वास, चव, वाफ, कुरकुरीतपणा सगळं शब्दांत आलं. ‘रेडवॉल’च्या मालिकेत प्राण्यांच्या मठातल्या चिचुंद्र्यांसारख्या मोल मंडळींना सलगम, बटाटा आणि बीटचा जाडजूड ‘पाय’ (pie) हवा असतो. पाणमांजरांना झिंग्यांचं झणझणीत सूप. मेजवानीची ही वर्णनं कथानक अडवतात, अशी तक्रार होते. मला ती अजिबात पटत नाही. घुशींची फौज मठावर चालून येते, तेव्हा ती भट्टी, ती फळबाग आणि एकत्र जेवणारी माणसांसारखी जनावरंच तर पणाला लागलेली असतात. ताटात काय होतं हे ठाऊक नसेल, तर वाचकाचा जीव त्या तटबंदीत कशाला अडकेल?

जॉर्ज मार्टिन मेजवानीच्या वर्णनाचं हेच हत्यार उलटं धरतात. ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’मधल्या शाही लग्नात सत्त्याहत्तर पदार्थ वाढले जातात आणि शहरात मुलं उपाशी असतात. तिथे प्रत्येक नवं ताट आलं की तोंडाला पाणी सुटत नाही, चीड येते.