पडद्यावरील प्रयोगशाळा

विज्ञान हा पाठांतराचा नव्हे, पडताळून पाहण्याचा विषय आहे, हें सर्वांस मान्य असतें. तरी पुष्कळशा वर्गांत प्रयोग होतो तो शिक्षकांच्या मेजावर, आणि मागच्या बाकांवरील मुलें तो फळ्यावरच्या आकृतीवरून शिकतात. ही उणीव कांहीं अंशीं भरून काढणारें एक साधन आज विनामूल्य मिळूं शकतें. त्यास सिम्युलेशन म्हणतात. मराठींत त्यास प्रतिरूप-प्रयोग म्हणतां येईल. निसर्गाचे नियम गणिताच्या रूपानें संगणकास सांगून ठेवलेले असतात. मुलानें एखादी राशि कमीअधिक केली कीं, त्या नियमांनुसार होणारा परिणाम पडद्यावर तत्काळ दिसतो.

अशा साधनांत 'फेट' हा संग्रह विशेष प्रसिद्ध आहे. २००१ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळालें, त्यांपैकीं कार्ल वायमन यांनीं २००२ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत त्याचा पाया घातला. त्यांतील कित्येक प्रयोग मराठींतही आहेत, व एकदां उतरवून घेतलेले नवे प्रयोग इंटरनेटवांचूनही चालतात. आपल्या देशांत अमृता विश्वविद्यापीठ व मुंबईची सी-डॅक संस्था यांनीं शालेय अभ्यासक्रमास धरून 'ओलॅब्ज' सिद्ध केली आहे.

या साधनाचें खरें सामर्थ्य एका साध्या उदाहरणानें ध्यानांत येईल. एका सेलला दोन सारखे दिवे एकापुढें एक जोडले, तर पुष्कळ मुलांस वाटतें कीं, पहिला दिवा प्रवाहाचा कांहीं भाग खाऊन टाकतो व दुसऱ्याच्या वाट्यास उरलासुरला येतो. तारेच्या आंत काय चाललें आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं, त्यामुळें ही भ्रामक समजूत टिकून राहते. पडद्यावर मात्र इलेक्ट्रॉन ठिपक्यांच्या रूपानें सरकतात, आणि दिव्याच्या अलीकडे व पलीकडे त्यांची चाल सारखीच दिसते. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, असे प्रतिरूप-प्रयोग केलेले कोलोरॅडोचे विद्यार्थी खऱ्या तारा-दिव्यांची जुळणी करण्यांतही इतरांहून सरस ठरले.

परंतु येथेंच सावध राहावयास हवें. पडद्यावर दिसतें तें चित्र आहे, निसर्ग नव्हे. खऱ्या तारेंत इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढें सरकण्याची गति सामान्यतः सेकंदास एक मिलिमीटरहूनही कमी असते. ठिपक्यांची चाल केवळ डोळ्यांच्या सोयीची आहे. शिवाय दिवा कां लागत नाहीं हें शोधीत बसणें, सैल जोड हुडकणें, हेंही विज्ञानाचेंच शिक्षण होय. प्रतिरूपाचें निमित्त करून प्रयोगशाळेस कुलूप लावलें, तर फुकट मिळालेलें हें साधन फार महाग पडेल.

म्हणून क्रम असा असावा: आधीं अंदाज, मग पडदा, शेवटीं हात. समजा, एक मीटर लांबीच्या लंबकाचा प्रयोग आहे. त्याचें वजन दुप्पट केलें तर एका आंदोलनास किती वेळ लागेल, तो चंद्रावर नेला तर किती, हें मुलानें प्रथम वहींत लिहावें. मग पडद्यावर पाहावें. वजनानें कांहींच फरक पडत नाहीं. पृथ्वीवर सुमारें दोन सेकंद लागतात, तर चंद्रावर जवळजवळ पांच. चंद्रावर जाणें शक्य नाहीं, पण पृथ्वीवरचा आंकडा घरींच तपासतां येतो. दोरीस दगड बांधून खुंटीपासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर ठेवावें, तो थोडासाच ओढून सोडावा व दहा आंदोलनें मोजावीं.

घड्याळांत नेमके वीस सेकंद बहुधा येणार नाहींत. तो थोडका फरक कां पडला, मोजण्यांत चूक झाली कीं लांबी चुकली, असें मूल विचारूं लागलें, म्हणजे पडद्यानें आपलें काम चोख केलें असें समजावें. त्या वेळीं उत्तर सांगण्याची घाई न करतां वडीलधाऱ्यांनीं त्याच्याबरोबर पुन्हां एकदां आंदोलनें मोजावीं.